माझ्या वाट्याची दीड गोळी

"याला एपिलेप्सी म्हणतात," डॉक्टर म्हणाले आणि लगेच गोळ्या लिहायला लागले.

मी विचारलं, "किती दिवस घ्यायच्या?"

"दिवस नाही, वर्षं. निदान तीन तरी."

"दीड वर्षात नाही भागणार?"

शेजारी माझी मुलगी प्रणाली बसली होती. तिने टेबलाखालून माझा पाय दाबला. डॉक्टरांनी मान वर केली आणि म्हणाले, "मावशी, इथे भाव होत नाही."

मला राग आला. आजाराचा नाही, त्या वाक्याचा. माझं आयुष्य भाव करण्यात गेलंय. भिवंडीकडे काल्हेर ते वडप्याच्या गोडाऊनना मी बायका पुरवते, पॅकिंगला, लेबल लावायला, माल वेगळा करायला. सुरुवात केली तेव्हा मी स्वतः त्यांच्यातली एक होते. आता सकाळी आठच्या शिफ्टला गेटवर उभी राहून साठ बायकांची नावं घेते आणि मोजून आत सोडते. कंपनीच्या मॅनेजरने तीस बायका मागितल्या की मी म्हणते, बावीसच मिळतील. पस्तीस तयार असल्या तरी. खरा आकडा पहिल्यांदा सांगायचा नाही, हे मला कुणी शिकवलं नाही, पण त्यावरच माझं घर उभं राहिलं.

ही सवय मी डॉक्टरांच्या खोलीत घेऊन गेले. पुढचं सगळं त्यातून झालं. तुमच्या घरात कुणाला फिट येत असेल तर एवढ्यासाठी हे वाचा.

पहिली फिट वडप्याच्या गोडाऊनमध्ये आली. मला एवढंच आठवतं की मी एका बाईला बारकोड उलटा लावला म्हणून ओरडत होते. नंतर डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर होते, जीभ चावली गेली होती, कुणीतरी नाकाशी चप्पल धरली होती आणि कुणीतरी मुठीत किल्ल्या कोंबल्या होत्या. हे दोन्ही करू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या आणि वेळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट हॉस्पिटल गाठा.

भिवंडीतल्या हॉस्पिटलात एमआरआय झाला, म्हणजे मेंदूचा फोटो. त्यात एक छोटा पांढरा ठिपका निघाला. कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा. कधीतरी पोटातून गेलेला जंतू मेंदूत जाऊन मेला होता आणि त्याची गाठ सुकून खडा झाला होता. न धुतलेल्या भाजीतूनही जातो, म्हणाले. त्या खड्याच्या आजूबाजूला कधीतरी ठिणगी पडते आणि फिट येते.

गोळीचं नाव फेनिटॉइन. रोज जेवणानंतर तीन.

दहा-बारा दिवसांत जमीन हलायला लागली. जिना उतरताना पायरी दोन-दोन दिसायची. गेटवर नावं घेताना जीभ जड व्हायची. 'सुनंदा' म्हणायला गेले की तोंडातून काहीतरी ओलं, पसरट बाहेर पडायचं. बायका एकमेकींकडे बघायच्या. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, सुरुवातीला होतं, सवय होईल.

मी मनाशी म्हटलं, याने भाव जास्तच लावलाय. तीन सांगतोय म्हणजे दीडमध्ये भागत असणार. मी गुपचूप दीड गोळी घ्यायला लागले. उरलेली दीड तांदळाच्या डब्यात एका पुडीत टाकायचे, कारण फेकायला जीव होत नव्हता.

आणि मी बरी झाले. जमीन थांबली. जीभ हलकी झाली. साडेतीन महिने एकही फिट नाही. डॉक्टरांनी विचारलं, "तिन्ही घेता ना?" मी म्हटलं, "हो, तिन्ही." ते खूश, मी खूश. बाहेर आल्यावर मी प्रणालीला म्हटलं, "बघ, भाव होतो."

मग गणपती आले. घरात पाहुणे, गोडाऊनला सणाचा माल, शिफ्ट दुप्पट. पाच दिवस मी एकही गोळी घेतली नाही. आठवलीच नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात फिट आली.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चुकल्या का?"

त्या क्षणी मला खरं सांगता आलं असतं. पण शेजारी नवरा होता, मुलगी होती आणि मला खोटं पडायचं नव्हतं. मी म्हटलं, "एकही नाही."

"मग तीन पुरत नाहीत," ते म्हणाले आणि चार लिहिल्या.

त्यांचा काय दोष? मी दिलेल्या आकड्यावर त्यांनी हिशोब केला.

त्याच आठवड्यात प्रणालीला तांदळाच्या डब्यातली पुडी सापडली. तिने ती उघडून टेबलावर मांडली आणि तुकडे मोजले. मी सगळं सांगितलं, दीड घेत होते, दीडमध्ये बरी होते. पण आता माझं कोण ऐकणार? "आई, तू डॉक्टरच्या तोंडावर खोटं बोललीस," ती म्हणाली, "आता मला काय खरं सांगतेयस?" डॉक्टरांना मात्र तिने सांगितलं नाही. मला लाज वाटेल म्हणून. आमच्या घरात हा एक घोळ असतो, एकमेकांना आम्ही वाट्टेल ते बोलतो आणि बाहेरच्यासमोर झाकतो.

त्या दिवसापासून चारही गोळ्या ती समोर उभी राहून गिळायला लावायची. जीभ वर करून दाखव, आता बाहेर काढ. सेहेचाळीस वर्षांची बाई मी, साठ जणींची हजेरी घेणारी, आणि माझी पोर माझं तोंड तपासायची. एका संध्याकाळी मी तिचा हात झटकला, पाण्याचा तांब्या भिंतीवर आपटला. माझे मिस्टर, कधी आवाज न चढवणारा माणूस, दारात येऊन म्हणाले, "घे ना गं. तुझ्यासाठीच चाललंय."

घेतल्या. रोज चार.

तीन आठवड्यांत मी माणसातून उठले. भिंत धरून चालायचे. समोरच्या माणसाला दोन डोकी दिसायची, कुठल्याशी बोलायचं कळायचं नाही. दिवसा झोप यायची. बोलणं असं लडबडायचं की फोनवरचा माणूस म्हणायचा, मॅडम, नंतर करा. आणि डोकं आत लख्ख चालू होतं. हे कुणाला कळत नव्हतं. आत मी तीच होते, भाव ठरवत होते, चुका पकडत होते, आणि बाहेर पडायला वाट नव्हती. पोत्यात घालून तोंड शिवल्यासारखं.

मी म्हणायचे, गोळी जास्त होतेय. सगळे म्हणायचे, पुन्हा सुरू झाली हिची दीडची भाषा.

त्यात माझ्या चुलतभावाच्या मुलाची हळद आली. आमच्या आगरी लोकांत हळद म्हणजे काय ते ठाण्या-भिवंडीकडच्यांना सांगायला नको. मांडव, बॅन्जो, नाच, मटण, आणि पुरुषांची सोय मांडवामागे. काही बायकांचीही असते, आता खोटं कशाला बोलू. पण मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. आमचे वडील पीत होते, मला वास सहन होत नाही.

मांडवात शिरताना माझा पाय दोरीत अडकला आणि मी हळदीच्या ताटावर पडले. पिवळी झाले कोपरापर्यंत. उठायला गेले तर पुन्हा झोक गेला. काय झालं म्हणून विचारणाऱ्यांना मी उत्तर देत होते, पण शब्द नीट फुटत नव्हते. कुणीतरी हसलं.

माझा धाकटा भाऊ रमेश पुढे आला. याला मी कडेवर वाढवलाय. त्याने माझा दंड धरला आणि बॅन्जो थांबलेल्या त्या शांततेत म्हणाला, "ताय, घरी जा. आज लय झाली तुला."

"मी... न्हाय..." एवढंच बाहेर आलं.

"व्हय व्हय, तू न्हाय. चल."

तिथे वडप्याचा मॅनेजर जेवायला आला होता. त्याचं गोडाऊन रमेशच्या जागेवर आहे. म्हणजे आमच्या बापाच्या जागेवर. वडील गेल्यावर मी हक्कसोड पत्रावर सही केली होती. आमच्याकडे बहिणी करतात. भाऊ साडी आणतो, रजिस्ट्रार ऑफिसला नेतो, बहीण सही करते. जी करत नाही तिला माहेर उरत नाही. मी मोठमोठ्या कंपन्यांशी घासाघीस करणारी बाई, पण त्या दिवशी एका साडीवर, एक शब्द न बोलता सही केली. नंतर तिथे गोडाऊन उभं राहिलं आणि मी त्याच्या गेटवर बायका मोजायला लागले. हे मी विसरलेले नाही. विसरणारही नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला, हिंदीत. "मॅडम, आप थोडे दिन आराम कीजिए. गेट पे कंपनी का सीसीटीव्ही है." माझा गेटपास बंद झाला. बायकांची हजेरी दुसरीच कुणीतरी घ्यायला लागली.

मग मी घरात. घरचे बाहेरून कडी लावायचे, कारण मी जिन्यात पडले असते. पर्स काढून घेतली, कारण मी कुठून तरी आणून पिते असा आता घरातही संशय होता. मिस्टर जवळ आले की हळूच श्वास घ्यायचे, वास बघायला. त्यांना वाटायचं मला कळत नाही. डॉक्टरांनाही कुणीतरी कळवलं होतं. ते म्हणाले, "मावशी, दारूने फिट वाढते. खरं सांगा." मी खरं सांगितलं, थेंबही घेत नाही. त्यांनी मान हलवली. बावीस म्हणून पस्तीस लपवणाऱ्या बाईने एकदा खरंच पस्तीस म्हटलं तर समोरचा पन्नास असतील असंच धरणार. माझ्या शब्दाची ही गत मीच केली होती. दुपारी खिडकीतून रस्ता बघायचे, कंटेनर जाताना दोन दिसायचे, आणि मला वाटायचं की आता असंच. मी मरेपर्यंत लोकांसाठी एक दारुडी बाई.

सुटका पडण्यातूनच झाली. मोरीत पडले, कपाळ फुटलं, टाके घालायला ठाण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे वेटिंग हॉलमध्ये तीन तास. टाके घालणाऱ्यांनी फिटचा कागद बघून न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांना, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना बोलावलं. तिशीच्या बाई होत्या. त्यांनी बाकी काही न विचारता माझ्या डोळ्यांसमोर आपलं बोट धरलं आणि म्हणाल्या, "डोकं हलवू नका. फक्त डोळ्यांनी बघा."

बोट उजवीकडे गेलं. माझे डोळे तिथे पोचून थरथरत मागे-पुढे उडत होते. मला दिसत नव्हतं, प्रणालीने नंतर सांगितलं.

"निस्टॅग्मस," बाई म्हणाल्या. "डोळे एका जागी ठरत नाहीत. कोणती गोळी चालू आहे?"

"हिला जरा पिण्याचं..." मिस्टर पुटपुटले.

"मी गोळी विचारली."

चार फेनिटॉइन ऐकल्यावर त्यांनी रक्त घ्यायला सांगितलं. फेनिटॉइन लेव्हल, म्हणजे रक्तात औषध किती साठलंय ते. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "आता मला सांगा, किती गोळ्यांवर तुम्हाला बरं वाटत होतं? लिहून दिलेल्या नाही. खरोखर पोटात गेलेल्या."

इतक्या महिन्यांत हा प्रश्न कुणी असा विचारला नव्हता. लडबडत्या जिभेने मी सगळं ओतलं. तीन, मग दीड, डबा, पुडी, गणपतीचे पाच दिवस, माझं खोटं, चार. मध्ये प्रणाली रडायला लागली आणि म्हणाली, "पुडी मला सापडली होती. मी सांगितलं नाही."

रिपोर्ट संध्याकाळी आला. रक्तात औषध सोसेल त्याच्या दुपटीहून जास्त होतं. मला ॲडमिट केलं, गोळी थांबवून रोज रक्त तपासत राहिले. चौथ्या दिवशी नर्स एकच दिसली. मी तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "आजी, मी एकच आहे." आजी म्हणाली म्हणून मी तिच्यावर ओरडले. स्पष्ट ओरडले. एकेक अक्षर सुटं. प्रणाली बाहेरून धावत आली आणि हसायला लागली.

मग जेनेटिक टेस्ट झाली. रक्ताची नळी लॅबला जाते आणि आईबापाकडून आलेल्या जनुकांमध्ये काय लिहिलंय ते वाचतात. रिपोर्टला काही दिवस लागले. माझ्या रिपोर्टवर नाव होतं सीवायपी टू सी नाइन. लिव्हरमध्ये याच नावाचं एक एन्झाइम असतं, औषध मोडून शरीराबाहेर काढायचं काम करणारं. माझ्यातलं जन्मापासून मंद आहे.

डॉक्टरबाई समजावत होत्या, पण मी माझ्या भाषेत समजून घेतलं. गोडाऊनला रोज तीन गाड्या माल येतो आणि दीडच गाडी बाहेर जाते. रोज दीड गाडी आत साठते. आणि एकदा जागा भरली की पुढची एकच गाडी वाढवली तरी माल थेट रस्त्यावर. चौथ्या गोळीने तेच केलं.

"म्हणजे माझी दीडच बरोबर होती!" मी म्हटलं. कितीतरी दिवसांनी छाती भरून आली. मी नवऱ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं.

डॉक्टरबाईंनी माझी छाती तिथेच रिकामी केली. "तुमचा अंदाज नशिबाने लागला. दुसऱ्या कुणाचा अर्ध्यावर आणल्याने जीव गेला असता. गणपतीत पाच दिवस गोळी बंद केलीत, त्यात तुमचाही गेला असता. दीडवर बरं वाटतंय हे तुम्ही पहिल्या डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी तेव्हाच लेव्हल केली असती. तुम्ही बरोबर आकडा काढलात आणि लपवून ठेवलात."

मी विचारलं, "मग आता किती घ्यायच्या?"

दुसरी गोळी द्यायचाही विचार झाला. लेव्हेटिरासेटम, जिला या एन्झाइमची गरज नसते. "पण काही जणांची चिडचिड वाढते तिने," बाई म्हणाल्या. मिस्टर आणि प्रणाली एकदम म्हणाले, "नको." त्यामुळे फेनिटॉइनच राहिली, रोज दीड, आणि ठरलेल्या दिवशी रक्ताची तपासणी.

जाताना त्यांनी रिपोर्टच्या दोन प्रती दिल्या. "हे आईवडिलांकडून येतं. तुमच्या भावंडांतही असू शकतं. त्यांना द्या. ही गोळी, किंवा रक्त पातळ करायची वॉरफेरिन कधी सुरू करायची वेळ आली, तर डॉक्टरांना आधी हे दाखवायचं. नाहीतर नेहमीचा डोसही त्यांना जास्त होऊ शकतो."

भाऊ एकच. रमेश. हक्कसोड करताना त्याने बापाचं सगळं लिहून घेतलं होतं, हे तेवढं राहून गेलं होतं.

मी गेले, कागद दिला आणि वॉरफेरिनचं नाव सांगितलं. त्याच्या ओट्यावर, उभ्या उभ्या. त्याने बघितला, इंग्रजी बघून घडी घातली आणि टीव्हीच्या मागे ठेवला. "बरी हायस ना आता?" म्हणाला. मांडवातल्या त्या वाक्याबद्दल एक शब्द नाही. चहाही घेतला नाही मी. मॅनेजरला मात्र दुसऱ्या दिवशी जाऊन रिपोर्ट टेबलावर आपटून दाखवला. त्याने सॉरी म्हणून गेटपास चालू केला. आधी निम्म्याच बायकांचं काम परत देईन म्हणाला. मी सगळ्यांचं घेतलं.

पाच महिन्यांनी रमेशचा फोन आला. पाय सुजला होता, आतल्या नसेत रक्ताची गुठळी निघाली होती, भिवंडीतल्या हॉस्पिटलात होता. "ताय," आवाज बारीक झालेला, "रक्त पातळ करायची गोळी देतान. नाव तूच सांगितलेलं ना? तुझा तो कागद घरात सापडत न्हाय."

"गोळी घेतलीस?"

"न्हाय. तुला विचारल्याबिगर कशी घेऊ?"

मी रिपोर्टचा कागद घेऊन रिक्षात बसले. खोटं सांगत नाही, काल्हेरपासून पूर्ण रस्ताभर मी मनात भाव करत होते. कागद माझ्या हातात, गरज त्याची. जमिनीतलं काय मागायचं, किती मागायचं, पहिला आकडा कुठला टाकायचा. असा सौदा आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हता.

वॉर्डमध्ये पोचले तर तो पलंगावर बसून दाराकडे बघत होता. पाय उशीवर, हातात गोळीची पट्टी, न फोडलेली. मला मीच दिसले. आत डोकं चालू, बाहेर सगळं दुसऱ्याच्या हातात.

मी सरळ डॉक्टरांकडे गेले आणि कागद दिला. त्यांनी दोनदा वाचला, रमेशचीही तपासणी पाठवतो म्हणाले, आणि तोवर कमी डोसवर ठेवून रक्त वरचेवर बघू असं सांगितलं.

मग मी पलंगाजवळ आले. "रम्या, त्या दिवशी मांडवात मी पिले होते?"

तो खाली बघत म्हणाला, "न्हाय."

"मोठ्याने बोल. मांडवात मोठ्याने बोललास."

"न्हाय! तू पिली नव्हतीस, ताय!"

समोरच्या पलंगावरचा म्हातारा दचकून उठून बसला. नर्सने आम्हाला गप्प केलं. मांडव नव्हता तो, मॅनेजर नव्हता, दहा-बारा आजारी माणसं होती फक्त. तेवढ्यावर मी सौदा मिटवला. जमिनीचा वेगळा आहे, तो उघडाच आहे.

रमेशची तपासणी आली. त्याच्यातही तेच निघालं.

माझी पूर्ण सुटका झाली असं मी म्हणणार नाही. गोळी आहेच, रक्त देणं आहेच, एकटीने रिक्षात बसले की मुलीचा फोन येतोच. पण ज्या बाईने मला गोळी विचारण्याआधी डोळे बघितले, तिचं माझ्यावर ऋण आहे. रोज संध्याकाळी प्रणाली एक गोळी देते आणि एक दिवसाआड दुसरी मधून तोडते. अर्धी मला, अर्धी उद्यासाठी डबीत. तोंड तपासत नाही.

मागच्या खेपेला डॉक्टरबाईंनी विचारलं, "महिन्याभरात किती चुकल्या?"

प्रणाली बाहेर फोनवर होती. कुणी बघत नव्हतं, कुणाला कळणार नव्हतं. शून्य म्हणणं जिभेवर आलं होतं.

"दोन," मी म्हटलं.